कोणाला नेले, कोणी नेले



ज्या वकीलसाहेबांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपण इतक्या निष्ठेने चालवीत आला आहात, त्यांचा माझा परिचय व्यासपीठावरचा नव्हे, खिडकीवरचा. फौजदारी न्यायालयाच्या नक्कल विभागात मी कारकून होतो आणि ते खिडकीच्या पलीकडे उभे राहून अर्ज देणारे होते. त्यांच्या अर्जांत मागणी बहुधा एकाच जातीची असे: अमुक इसमास अमुक तारखेस पोलिसांनी न्यायालयापुढे आणले, त्या दिवसाचा रोजनामा, रिमांड यादी आणि त्यावरील हुकूम यांच्या नकला मिळाव्यात. मोठ्या खटल्यांच्या निकालपत्रांत त्यांचे नाव आपणांस फारसे आढळणार नाही; परंतु अटकेच्या नोंदीचा कागद कोठे असतो, तो कोणाकडे मागावयाचा आणि न दिल्यास कोणाच्या दारी जावयाचे, हे त्यांच्याइतके नेमके जाणणारा दुसरा माणूस या तालुक्यात त्या काळी नव्हता. त्यामुळे आजच्या व्याख्यानास मी हाच विषय घेतला, तेव्हा चालकांपैकी एकदोघांच्या कपाळाला पडलेल्या आठ्या मला दिसल्या, तरी मी तो बदलला नाही.

अटकेची नोंद मागणारे लोक उपनगरात दोन प्रकारचे आढळतात. एक, रात्री दहाच्या सुमारास ठाण्याच्या पायरीवर बसलेली आई, जिच्या मुलाला संध्याकाळी दोन साध्या वेशातील माणसांनी मोटारसायकलवर बसवून नेले आहे, आणि ठाणे अंमलदार जिला 'चौकशीला आणलाय, सकाळी या' यापलीकडे काही सांगत नाही. दुसरा, गृहनिर्माण संस्थेचा सचिव, ज्याला तिसऱ्या मजल्यावर येऊ घातलेल्या भाडेकरूला पूर्वी कधी अटक झाली होती काय, हे करार होण्याच्या आत समजून घ्यावयाचे आहे. दोघेही मागतात तो कागद एकच. मात्र कायद्याने तो कागद निर्माण केला तो पहिलीसाठी. आणि आज त्याची चौकशी करणाऱ्यांत गर्दी दुसऱ्याची आहे. अटकेच्या नोंदीतला प्रश्न मुळात नेणाऱ्याला विचारलेला आहे, नेलेल्याला नव्हे, ही गोष्ट एकदा ध्यानी आली म्हणजे ती नोंद किती उघडी असावी आणि कोठे झाकलेली असावी, याचा उलगडा पुष्कळसा आपोआप होतो, असे माझे मत आहे, आणि आज मला सांगावयाचे आहे ते एवढेच.

नोंद नसलेली अटक म्हणजे काय, हे महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिले आहे. 1897 च्या जून महिन्यात पुण्यात रँडसाहेबावर गोळी झाडली गेली आणि जुलैच्या अखेरीस सरकारने एकाच सुमारास दोन निरनिराळ्या रीतींनी माणसे धरली. लोकमान्य टिळकांना मुंबईत पकडले ते राजद्रोहाच्या आरोपावरून. त्यांच्यावर दंडसंहितेचे कलम लावले गेले, हायकोर्टात ज्यूरीपुढे खटला चालला, शिक्षा झाली. ती शिक्षा अन्यायाची होती, असे आपण म्हणतो, आणि ते म्हणू शकतो याचे कारण त्या खटल्यातील प्रत्येक शब्द कागदावर आहे. त्याच दिवसांत पुण्याच्या नातू बंधूंना मात्र 1827 च्या पंचविसाव्या रेग्युलेशनाखाली उचलण्यात आले. त्यात आरोपपत्र नव्हते, न्यायाधीश नव्हता, सुनावणीची तारीख नव्हती. सरदार घराण्यातील दोन प्रतिष्ठित गृहस्थ कोणत्या कारणासाठी बंदीत आहेत, असे विलायतेच्या पार्लमेंटात विचारले गेले तरी उत्तर येत असे ते सरकारच्या मर्जीचे. 1899 मध्ये ते सुटले, तेही सरकारच्या मर्जीनेच. टिळकांच्या बाबतीत इतिहासकाराला वाद घालता येतो. नातूंच्या बाबतीत त्याला वाद घालावयास कागदच सापडत नाही.

हा अनुभव जमेस धरूनच घटनाकारांनी बाविसावे कलम लिहिले असावे. अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर सांगितली पाहिजेत, पसंतीच्या वकिलाचा सल्ला मिळाला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, असे ते सांगते. अर्थात त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेची पळवाटही आहे, आणि ती किती रुंद होऊ शकते हे आपण आणीबाणीत पाहिले. मिसा कायद्यात त्या वेळी घातलेल्या 16-अ या कलमाने स्थानबद्धतेची कारणे ही राज्याची गोपनीय बाब ठरवून टाकली होती. ती स्थानबद्धालाही सांगावयाची नाहीत आणि इतरांनाही नाहीत. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने नागरिकाला याबाबत न्यायालयाचे दारच बंद असल्याचे सांगितले. त्या चौघांत एक आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते, आणि एकटे उभे राहिले ते हंसराज खन्ना. या सभागृहात बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींच्या घरची माणसे त्या काळात येरवड्यास किंवा नाशिकरोडला होती. त्यांस यावर अधिक सांगण्याची गरज नाही.

पुढची हकीकत उपनगरातलीच आहे, मात्र दिल्लीच्या. गाझियाबादच्या एका तरुण वकिलाला 7 जानेवारी 1994 रोजी पोलीस अधीक्षकांच्या कचेरीत चौकशीसाठी बोलावले गेले. संध्याकाळी सोडतो, असे घरच्यांना सांगितले. संध्याकाळ गेली, दुसरा दिवस गेला. एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर नेल्याचे कळत राहिले, आणि काही दिवस त्या कुटुंबाला आपला माणूस नेमका आहे कोठे याचाच पत्ता लागेना. अखेर सर्वोच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज करावा लागला. जोगिंदरकुमार खटला म्हणून वकीलमंडळी ज्याचा हवाला देतात, तो हा. अटक झालेल्या माणसाने मागणी केल्यास त्याच्या एका नातलगाला वा मित्राला ती कळविलीच पाहिजे आणि कोणास कळविले त्याची डायरीत नोंद केलीच पाहिजे, असे सरन्यायाधीश वेंकटचलय्या यांच्या पीठाने त्यात सांगितले. वकिलाची ही गत, तर हमालाची काय होत असेल, हा विचार त्या निकालपत्रात लिहिलेला नसला तरी वाचणाऱ्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

त्याही आधी, 1986 च्या ऑगस्टमध्ये, पश्चिम बंगालमधील विधिसाहाय्य संस्थेचे कार्याध्यक्ष दिलीप बसू यांनी कोठडीतील मृत्यूंच्या वर्तमानपत्री बातम्या जोडून सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिले होते. त्या पत्रालाच याचिका मानण्यात आले आणि दहा वर्षांनी, 18 डिसेंबर 1996 रोजी, न्यायमूर्ती कुलदीपसिंग आणि न्यायमूर्ती आनंद यांनी अकरा आज्ञा दिल्या. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव व हुद्दा वाचता येईल असा बिल्ला हवा. जागच्या जागी अटकेचे टिपण करून त्यावर घरच्या माणसाची किंवा मोहल्ल्यातील एखाद्या प्रतिष्ठिताची साक्षीदार म्हणून सही घ्यावी, आणि अटक झालेल्याचीही. वैद्यकीय तपासणी दर अठ्ठेचाळीस तासांनी व्हावी. अशा त्या आज्ञा आहेत. आपल्या विषयाला लागू ती अकरावी, शेवटची. प्रत्येक जिल्ह्याच्या व राज्याच्या ठिकाणी पोलीस नियंत्रण कक्ष असावा, अटकेपासून बारा तासांच्या आत तेथे खबर जावी, आणि ती खबर कक्षातील सूचनाफलकावर ठळक दिसेल अशी लावावी, असे त्या आज्ञेचे म्हणणे आहे.

न्यायालयाची ही आज्ञा कायद्याच्या पुस्तकात शिरावयास आणखी तेरा-चौदा वर्षे लागली. 1 नोव्हेंबर 2010 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत 41-क हे कलम आले, ज्याने जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाबाहेरील फलकावर अटक झालेल्यांची नावे-पत्ते आणि, हे विशेष लक्षात घ्या, अटक करणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे व हुद्दे लावावयास सांगितले. आणि राज्याच्या मुख्यालयात सर्वसाधारण जनतेच्या माहितीसाठी या नोंदींचा संग्रह ठेवण्याचाही हुकूम केला. 1 जुलै 2024 रोजी जुनी संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या सदतिसाव्या कलमात ही व्यवस्था खाली, म्हणजे आपल्या दाराशी, आली आहे. प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षकाच्या हुद्द्याहून कमी नाही असा एक अधिकारी या कामी नेमावयाचा, आणि अटक झालेल्यांची नावे, पत्ते व गुन्ह्याचे स्वरूप प्रत्येक ठाण्यात व जिल्ह्याच्या मुख्यालयात ठळकपणे, संगणकीय रीतीनेसुद्धा, प्रदर्शित करावयाचे. फलक ठाण्यात आला, जबाबदार माणूस ठरला, हे उत्तमच झाले. परंतु जुन्या कलमात फलकावर लावावयाचे म्हणून स्पष्ट सांगितलेले अटक करणाऱ्याचे नाव व हुद्दा या नव्या कलमाच्या शब्दांत राहिलेले नाहीत. मसुदा करणाऱ्याची ही नजरचूक असेल किंवा नसेलही. मी कारकून माणूस, हेतूबद्दल बोलत नाही. कमी झालेला रकाना मात्र कारकुनाच्या नजरेतून सुटत नाही.

फलक कसा असतो, हे येथे थोडे सांगतो, कारण तो पाहिलेली माणसे कमी. भिंतीवर काचेची एक उथळ पेटी असते, तिला लहानसे कुलूप असते. आत तक्त्याचा छापील कागद टाचलेला असतो आणि त्यावर अनुक्रमांक, गुन्हा रजिस्टर नंबर व कलम, आरोपीचे नाव, वय व पत्ता, अटकेची तारीख व वेळ, असे रकाने असतात. मी एकदा एका ठाण्यात असा फलक पाहावयास गेलो, तेव्हा काचेआड लावलेल्या कागदावर मागच्या मोसमातील डेंग्यूविरोधी आवाहन होते. अटकेची यादी कोठे आहे, असे विचारता अंमलदाराने अतिशय सौजन्याने उत्तर दिले की यादी तयार असते, पण पेटीची किल्ली ज्याच्यापाशी आहे त्याची आज साप्ताहिक सुटी आहे. त्या गृहस्थाला मी दोष देत नाही. त्याच्या टेबलावर दोन तक्रारदार, एक हरवलेला मोबाइल आणि एक भांडखोर दारुडा असा सरंजाम होता. ज्या कर्तव्याची कोणी कधी चौकशीच करीत नाही, ते कोणत्याही कचेरीत असेच किल्लीवाल्याच्या सुटीवर अवलंबून राहते.

परंतु ज्याला फलक पाहावयाचा आहे त्याची पहिली अडचण फलकाची नसून हद्दीची असते, आणि ही अडचण खास उपनगराची आहे. गावातल्या माणसाला आपले ठाणे ठाऊक असते. डोंबिवलीकराला मात्र रामनगर, विष्णुनगर, टिळकनगर आणि मानपाडा यांपैकी कोणत्या ठाण्याच्या हद्दीत घटना घडली, यावर सर्व काही ठरते. ही सर्व ठाणी ठाणे पोलीस आयुक्तालयाची, पण पुढे मुरबाड-शहापूरकडे गेले की ठाणे ग्रामीणचा अंमल सुरू होतो, खाडीपलीकडे नवी मुंबईचे आयुक्तालय, आणि भाईंदर-वसई-विरारसाठी तर ऑक्टोबर 2020 पासून स्वतंत्र आयुक्तालय झालेले. त्यातून घटना लोकलगाडीत वा फलाटावर घडलेली असेल, तर शहर पोलिसांच्या सर्व फलकांवर शोधूनही नाव मिळणार नाही, कारण ती अटक लोहमार्ग पोलिसांची, त्यांचे आयुक्तालय निराळे, ठाणी निराळी. आणि रूळ ओलांडणे, महिलांच्या डब्यात शिरणे अशा रेल्वे कायद्याखालील गोष्टी असतील तर धरणारा रेल्वे सुरक्षा दलाचा, म्हणजे केंद्र सरकारचा. खांद्यावरील पट्टी कोणती होती, हे नेणाऱ्याच्या पाठीमागे धावणाऱ्या माणसाने पाहून ठेवावे, असे आमचे वकीलसाहेब पक्षकारांना आवर्जून सांगत, ते उगीच नव्हे.

आता घरबसल्या मिळणाऱ्या नोंदीविषयी. 7 सप्टेंबर 2016 च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने प्रथम खबर चोवीस तासांत संकेतस्थळावर चढविण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. दळणवळणाची अडचण असेल तेथे ही मुदत बहात्तर तासांपर्यंत वाढते, आणि लैंगिक अत्याचार, बालकांवरील अत्याचार, दहशतवाद अशा नाजूक गुन्ह्यांच्या खबरी चढवावयाच्या नाहीत, मात्र तसे ठरविणारा अधिकारी उपअधीक्षकाहून खालचा नसावा. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलावर जिल्हा, ठाणे आणि तारखा निवडून या खबरी वाचता येतात. येथे मात्र पुष्कळांची फसगत होते. प्रथम खबर ही गुन्ह्याची नोंद आहे, अटकेची नव्हे. खबरीत नाव असलेल्यास अटक झालेलीच असेल असे नाही. ज्यास अटक झाली त्याचे नाव खबरीत असेलच असेही नाही, कारण चोरीच्या पुष्कळशा खबरींत आरोपीच्या जागी 'अज्ञात इसम' एवढेच असते. शिवाय गणपती, दहीहंडी, निवडणूक अशा प्रसंगांच्या आगेमागे उपनगरातील ठाणी ज्या मुलांना प्रतिबंधक उपाय म्हणून आत घेतात, म्हणजे जुन्या 151 कलमाखाली आणि आता 170 खाली, त्यांच्यासाठी गुन्हा नोंदलेलाच नसतो, तेव्हा खबरही नसते. त्यांची नोंद ठाण्याच्या दैनंदिनीत असते, आणि दैनंदिनी कोणी संकेतस्थळावर चढवीत नाही.

मग उरतो अर्ज. माहितीच्या अधिकाराचा अर्ज आता शाळकरी मुलगाही करतो, पण तो बहुधा लांब करतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, वर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट चिकटवावे लागते. उत्तराची मुदत तीस दिवसांची. परंतु माहिती एखाद्याच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर ती अठ्ठेचाळीस तासांत द्यावी, असे सातव्या कलमात लिहिलेले आहे, आणि कोठडीतल्या माणसाच्या ठावठिकाण्याइतका स्वातंत्र्याशी निगडित प्रश्न दुसरा कोणता असणार? अर्जाच्या माथ्यावर ते कलम ठळक लिहावे. न लिहिल्यास बारनिशीचा कारकून त्याला इतर अर्जांच्या गठ्ठ्यात सरळ सरकवतो, त्याच्या जागी मीही हेच केले असते. उत्तर बहुधा नकाराचे येते आणि त्यात आठव्या कलमाचे 'ह' हे उपकलम दाखविलेले असते: तपासात बाधा येईल. दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग नावाच्या एका अर्जदाराच्या प्रकरणी 2007 सालीच सांगितले आहे की तपास चालू आहे एवढे म्हणून भागत नाही, माहिती दिल्याने तो कसा अडखळेल हे दाखवावे लागते. अटकेची तारीख, वेळ आणि अटक करणाऱ्याचे नाव सांगितल्याने कोणता तपास अडखळतो, हे पहिल्या अपिलात विचारावे. अपील तीस दिवसांत करावयाचे असते. दुसरा नकार व्यक्तिगत माहितीचा. 2023 च्या विदा संरक्षण कायद्याने त्याविषयीचे आठव्या कलमातील उपकलम इतके आखूड केले आहे की व्यक्तिगत माहिती म्हटली की नकार द्यावयास अधिकारी मोकळा. सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती द्यावी, हे सांगणारे आठव्या कलमाचे दुसरे पोटकलम मात्र अजून जागेवर आहे, त्याचा आधार घ्यावा.

माझ्या जुन्या दप्तराबद्दल मी लांबण लावू शकेन, पण आवरतो. एवढेच सांगतो की अटकेचा सर्वांत विश्वसनीय कागद ठाण्यात नसून न्यायालयात असतो, कारण चोवीस तासांत आरोपीला तेथे आणावेच लागते आणि रोजनाम्यात न्यायाधीश दोन ओळी लिहितातच: आरोपी हजर, मारहाणीची तक्रार आहे वा नाही, कोठडी अमुक तारखेपर्यंत. आरोपीला वा त्याच्या वकिलाला त्याची नक्कल सहज मिळते; त्रयस्थाला कारण देऊन परवानगी काढावी लागते. जामिनाच्या अर्जांवरील हुकूम ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर दिसतात, नावावरून किंवा गुन्हा नंबरावरून शोधता येतात. दोषारोपपत्र मात्र जनतेसाठी खुले नाही. 20 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सौरव दास प्रकरणात तसे स्पष्ट ठरविले, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. दोषारोपपत्रात साक्षीदारांचे जबाब असतात, शेजारणीचे म्हणणे असते, घराघरांतील भांडणे असतात. ती चव्हाट्यावर मांडून राज्यसत्तेवर अंकुश बसत नाही.

हा सारा खटाटोप ऐकून आपल्यापैकी ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांना वाटेल की तिकडे हे किती सोपे! ते खरेही आहे. न्यू जर्सी हे आपल्या मराठी माणसांचे जणू परसदारचे राज्य. एडिसनसारख्या उपनगरात मराठी कुटुंबांना सार्वजनिक कागद हवा असला तर नगरपालिकेच्या कारकुनाकडे एक छापील अर्ज भरून द्यावयाचा, सात कामकाजी दिवसांत उत्तर, आणि साध्या पानाच्या छायाप्रतीला पाच सेंट. पण अटकेच्या बाबतीत तेथील कायदा सात दिवसही थांबत नाही. अटक झाली की चोवीस तासांत किंवा शक्य तितक्या लवकर काय सांगावयाचे, याची यादीच त्यात दिलेली आहे: अटक झालेल्याचे नाव, वय, राहण्याचे ठिकाण, व्यवसाय, विवाहित की अविवाहित, आरोपाचा मजकूर, आणि त्याच दमात, तपास व अटक करणारे कोण, अटक कोठे व केव्हा झाली, प्रतिकार झाला काय, पाठलाग झाला काय, हत्यार संशयिताने वापरले की पोलिसांनी, जामिनाचे काय ठरले. पोलिसांच्या हत्याराचा प्रश्न संशयिताच्या हत्याराच्या शेजारीच विचारणारा हा कायदा लिहिणाऱ्याला नोंद कशासाठी असते हे समजलेले होते. 2024 साली त्या कायद्यात बदल झाले आणि ते माहितीची वाट अरुंद करणारे आहेत, अशी ओरड तेथील वृत्तपत्रांनी केली.

परंतु विवाहित की अविवाहित, हे राज्याला जाब विचारणाऱ्याला कशाला हवे? येथून त्या सोपेपणाची दुसरी बाजू सुरू होते. केंटकी राज्यातील लुईव्हिल शहराच्या पोलिसांनी 1972 च्या नाताळच्या खरेदीच्या दिवसांत दुकानदारांना सावध करण्यासाठी एक पत्रक काढले आणि सुमारे आठशे व्यापाऱ्यांना वाटले. त्यात दुकानांतून माल उचलणारे म्हणून माणसांची नावे व छायाचित्रे होती. त्यांतला एक जण तेथील वृत्तपत्राचा छायाचित्रकार. त्याला आदल्या वर्षी अटक झाली होती हे खरे, पण त्याच्यावरील आरोप कधी शाबीत झाला नव्हता, आणि पत्रक निघाल्यावर थोड्याच दिवसांत तो आरोप काढूनही टाकण्यात आला. त्याने दाद मागितली ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत. 1976 मध्ये न्यायालयाने बहुमताने सांगितले की केवळ अब्रूला धक्का लागला म्हणून राज्यघटना धावून येत नाही. पुढे तेरा वर्षांनी त्याच न्यायालयाला आपल्याच तर्काचा वेगळा किनारा दिसला: निरनिराळ्या कचेऱ्यांत विखुरलेल्या अटकांच्या नोंदी एके ठिकाणी गोळा करून दिलेली जंत्री ही विखुरलेल्या नोंदींहून निराळी वस्तू आहे आणि तीत माणसाची खासगी बाजू गुंतलेली आहे, असे 1989 मध्ये त्याने मान्य केले. संगणकाने मग ती जंत्री कोणालाही करता येईल अशी केली. अटकेच्या वेळची छायाचित्रे सरकारी दप्तरांतून उचलून संकेतस्थळावर मांडावयाची आणि ती काढून टाकावयाचे पैसे त्याच माणसाकडून घ्यावयाचे, असा धंदा निघाला, आणि जॉर्जिया, कॅलिफोर्निया आदी राज्यांना तो थांबविण्यासाठी कायदे करावे लागले. अटकेची नोंद उघडी ठेवली ती माणूस गडप होऊ नये म्हणून. आणि ती अशी काही पसरली की माणसाला आता तिच्यातून सुटताच येईना.

आपल्याकडे हा धंदा अजून निघालेला नाही; त्याची उणीव गृहसंस्थांच्या व्हॉट्सॲप गटांनी भरून काढली आहे. कोणी एकाने खबरीचा पहिला कागद टाकावयाचा आणि बाकीच्यांनी हात जोडलेली चित्रे टाकावयाची. त्या इसमाची पुढे निर्दोष सुटका झाली तर तो हुकूम कोणी टाकत नाही, कारण तो शोधण्याची कोणाला निकड नसते. त्या सचिवाला मी पुष्कळदा सांगत आलो आहे की भाडेकरूविषयी शंका असेल तर त्याची माहिती ठाण्यात कळवा, त्यालाच चारित्र्य पडताळणीचा दाखला आणावयास सांगा. ठाण्याच्या फलकावर नाव शोधत बसणे हे तुमचे काम नव्हे, आणि त्या नावावरून तुम्ही जे ठरवाल ते बहुधा चुकीचे ठरेल. अल्पवयीन मुलाचे नाव तर कोणत्याच फलकावर असता कामा नये. 2015 च्या बालन्याय कायद्याचे 74 वे कलम ते उघड करणाऱ्याला शिक्षा सांगते. पत्रकार परिषदेत आरोपींच्या तोंडावर काळे बुरखे का असतात, असे एका बाईंनी मागे मला विचारले होते. ओळख परेड व्हावयाची असते, बाई. साक्षीदाराने आधीच वर्तमानपत्रात चेहरा पाहिला तर ती परेड कवडीमोलाची होते. अब्रूच्या चिंतेने कोणी ते बुरखे घालीत नाही.

शेवटी वेळेच्या रकान्याकडे वळतो, कारण वकीलसाहेबांचे सगळे कसब त्यातच होते. संध्याकाळी सातला नेलेल्या मुलाची अटक कागदावर दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला दिसते. मधले सोळा तास 'चौकशी'. चोवीस तासांचे घड्याळ अकरापासून धावू लागते आणि दंडाधिकाऱ्यापुढे पोलीस वेळेत हजर होतात. ही तफावत पूर्वी फक्त साक्षीदारांच्या तोंडी राही आणि तोंडी साक्षीचे काय होते ते आपण जाणता. 2 डिसेंबर 2020 रोजी परमवीरसिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्याच्या दारांवर, कोठड्यांत, ओसरीत, अंमलदाराच्या खोलीत कॅमेरे बसविण्याचा आणि त्यांचे चित्रण अठरा महिने, आणि ते अशक्य असेल तर निदान वर्षभर, जपून ठेवण्याचा आदेश दिला आहे. तेव्हा मुलाला नेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे चित्रण 'यंत्रातील बिघाडामुळे उपलब्ध नाही' होण्यापूर्वी, अर्जात अटकेच्या टिपणाची आणि दैनंदिनीतील नोंदीची नक्कल मागावी, आणि त्याबरोबरच ठाण्याच्या मुख्य दाराच्या कॅमेऱ्याचे त्या संध्याकाळचे सहा ते नऊ या वेळेचे चित्रण जतन करावे, अशी लेखी मागणी करून पोच घ्यावी. चित्रण हाती येईल की नाही, हा पुढचा प्रश्न. जतन करा, असा कागद बारनिशीत पडला म्हणजे ते पुसणाऱ्याला मागाहून जाब द्यावा लागतो. अर्जावर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि घेणाऱ्याची सही, ही चारही घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. घेणारा सही करावयास का कू करू लागला, तर तोच अर्ज टपाल कचेरीतून स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पावती जपावी. पहिल्या अपिलाच्या नमुन्याच्या काही छापील प्रती मी दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. वकीलमंडळींपैकी तिघे-चौघे समोर बसलेले दिसतात, त्यांनी त्यातील चुका दाखविल्यास पुढच्या छपाईत दुरुस्त करता येतील.